बोटीचे इंजिन ठेवल्या जागी बिघडते

मोटारसायकल रस्त्यात बंद पडली तर माणूस तिला ढकलत नेतो, झाडाखाली लावतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवतो. बोटीचे तसे नाही. भरल्या नदीत इंजिन थांबले की बोट प्रवाहाच्या ताब्यात जाते. ती पुलाच्या खांबावर आदळेल की बाभळीच्या काट्यांत घुसेल, याचा नेम नाही. अशी बंद पडलेली इंजिने माझ्याकडे येतात तेव्हा आणणाऱ्याची समजूत असते की आत काहीतरी मोठे मोडले आहे. पिस्टन गेला, रिंगा गेल्या, आता मोठा खर्च आला. उघडून पाहावे तर बहुतेकांत मोडलेले काहीच नसते. पितळेच्या एका लहानशा जेटमध्ये, बारीक छिद्रात, सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा बसलेला असतो. तो काढायला तासभर पुरतो. काढला नसेल तर ते पुराच्या रात्री कळते, आणि तेव्हा तो तास कोणाकडेच नसतो.

आमचे कोंढा हे भंडारा-पवनी रस्त्यावरचे गाव. माझे गॅरेज दुचाकींचे. पण जवळपास बोटीचे इंजिन उघडणारे कोणी नसल्यामुळे ते कामही हळूहळू माझ्याकडेच येऊ लागले. भंडारा हा तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव गावोगाव आहेत आणि त्यांत ढिवर बांधवांचे डोंगे पिढ्यान्‌पिढ्या वल्ह्यावर आणि बांबूवर चालत आले आहेत. त्यांना कार्बोरेटरची गरज नव्हती, बऱ्याच जणांना आजही नाही. गोसीखुर्दने मात्र चित्र बदलले. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांनी या धरणाची पायाभरणी केली. आज वैनगंगेवर ३३ दरवाजांचे हे धरण उभे आहे आणि त्याचे पाणी मागे पार भंडारा शहरापर्यंत फुगते. एवढ्या पसरलेल्या पाण्यात भर वाऱ्यात डोंगा वल्हवणे म्हणजे खांदे मोडून घेणे. जलाशयात जलपर्यटनाचा प्रकल्प सरकारने हाती घेतला आहे. आणि पूर आला की बचाव पथकांच्या रबरी बोटी उतरतात, त्यांच्या मागेही हेच छोटे इंजिन टांगलेले असते. पथकातले जवान त्याला ‘ओबीएम’ म्हणतात, आउटबोर्ड मोटारचे संक्षिप्त रूप.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीचा पूर आमच्याकडे कोणी विसरलेले नाही. मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सोडले गेले आणि वैनगंगा भंडारा शहरातल्या घरांत शिरली. खालच्या अंगाला पवनी, लाखांदूर, पलीकडे ब्रह्मपुरी, सगळीकडे तीच अवस्था. लोक छपरांवर बसून बोटीच्या आवाजाची वाट पाहत होते. त्या वेळी माझ्या मनात एकच विचार घोळत होता की ज्या बोटी निघाल्या आहेत त्यांची इंजिने शेवटची कधी उघडली असतील?

हा प्रश्न कोकणातल्या वाचकांना थोडा वेगळा वाटेल. हर्णे, दाभोळ, श्रीवर्धनकडच्या आपल्या बांधवांची नौका वर्षभर समुद्रात असते आणि पावसाळ्यात विसावते, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यांचे इंजिन पावसाळ्यात उभे राहते आणि ऑगस्टमध्ये सुरू करावे लागते. आमच्याकडे उलटा हिशेब. पुरासाठी ठेवलेली बोट नऊ-दहा महिने कुठल्यातरी खोलीत पडून असते आणि ज्या रात्री पाणी चढते त्याच रात्री तिला पहिल्या झटक्यात सुरू व्हावे लागते. कोकणात मिठाने ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी चढते, वैनगंगेचे पाणी गोडे असल्याने तो त्रास आम्हाला नाही. आमच्याकडे गाळ आहे. पण दोन्हीकडचा खरा शत्रू एकच, तो म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत राहून गेलेले पेट्रोल. इंजिन जितके चालते तितके त्याचे कार्बोरेटर स्वच्छ राहते. ते बिघडते ठेवल्या जागी.

असे का होते हे कळण्यासाठी कार्बोरेटर करतो काय, ते आधी पाहू. पूर्वी घराघरात डास मारायला फ्लिटचा पंप असे. दांडा ढकलला की आडव्या नळीतून जोराची हवा निघायची आणि खालच्या डब्यातले औषध आपोआप वर चढून तुषार होऊन उडायचे. जिथून हवा वेगाने जाते तिथे दाब कमी होतो आणि खालचा द्रव वर ओढला जातो. कार्बोरेटर म्हणजे हाच पंप, फक्त हवा ढकलायला माणसाचा हात नसतो, इंजिनचा पिस्टन ती आत ओढतो. हवेची वाट मध्यभागी अरुंद केलेली असते, तिथे ती वेग घेते आणि जेटच्या छिद्रातून पेट्रोल खेचून घेते. प्रमाण मात्र काटेकोर हवे. वजनाने पाहिले तर एका भाग पेट्रोलला साधारण चौदा-पंधरा भाग हवा लागते. आकाराने मोजाल तर एक लिटर पेट्रोल जाळायला जवळपास ९ हजार लिटर हवा. एवढ्या हवेला पुरेल इतकेच पेट्रोल मोजून देण्याचे काम ते बारीक छिद्र करते. त्यात थोडासा चिकटा बसला की सगळा हिशेब चुकतो.

दुसरा महत्त्वाचा भाग फ्लोटचा. कार्बोरेटरच्या खाली एक वाटी असते, तिच्यात पेट्रोलची पातळी कायम सारखी राहावी लागते. त्यासाठी एक तरंगता तुकडा असतो. पेट्रोल वाढले की तो वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली टोकदार सुई येणारी वाट बंद करते. पातळी उतरली की सुई खाली येते आणि वाट उघडते. छपरावरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल हेच करतो. ही युक्ती मोटारींच्या आधी कित्येक शतकांची आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी आपल्या युक्तियंत्रांत तरंगते पडदे आणि झडपा वापरल्या. पुढे १२०६ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकरच्या अर्तुकी दरबारात अल-जझरी यांनी आपला यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. त्यातल्या मोठ्या जलघड्याळात टाकीचे पाणी आधी एका लहान कप्प्यात येते, तिथे तरंगणाऱ्या फ्लोटवर शंकूच्या आकाराचे बूच बसवलेले आहे आणि ते वरच्या तोटीत घुसून पाणी रोखते. घड्याळाची वेळ चुकू नये म्हणून पाण्याची पातळी स्थिर ठेवायची, एवढाच हेतू. ही कल्पना त्यांच्याही आधी ग्रीक कारागिरांना ठाऊक होती, तेव्हा तिच्यावर हक्क सांगण्याचे कारण नाही. पण गॅरेजात काम शिकणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. हातातली सुई आणि फ्लोट पाहून त्यांचे डोळे चमकतात.

आता पेट्रोलकडे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, म्हणजे ई-२०, अधिकृतपणे सुरू झाले आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक पंपांवर पोचले. म्हणजे एका लिटरमध्ये २०० मिलिलिटर इथेनॉल. ते चांगले की वाईट या वादात मी पडत नाही. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल चार दिवसांत संपते, तिला फारसा फरक पडत नाही. पडून राहणाऱ्या इंजिनाची गोष्ट वेगळी. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. आमच्याकडची जुलै-ऑगस्टची हवा कशी असते ते सांगायला नको. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून फुटतात आणि टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. नळी तळातूनच इंधन ओढते, त्यामुळे इंजिनाला आधी तोच थर मिळतो. टू-स्ट्रोक इंजिनात धोका आणखी वाढतो, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑईल वरच्या थरात राहते; खालच्या पाण्यात ते जवळजवळ नसते. इंजिन चुकून सुरू झाले तरी आत ऑईलविना घासत राहते. शिवाय वाटीतले पेट्रोल उडून जाते, मागे पिवळसर डिंकासारखा चिकटा उरतो, ओल्या भागात हिरवट गंज चढतो आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात किंवा कडक होऊन तडकतात.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात एक मच्छीमार छोट्या हत्तीत इंजिन टाकून घेऊन आला. बोट पुराच्या कामासाठी दिलेली, मागच्या पावसाळ्यानंतर कोणी हात लावला नव्हता. म्हणाला, “मिस्त्री, दोरी ओढू ओढू हात सुजले, पन चालूच नाई होऊन रायली.” वाटीचा खालचा स्क्रू सोडून मी आतले सगळे काचेच्या बरणीत काढले. मी नेहमी काचेचीच बरणी घेतो, कारण अर्धी तपासणी तिथेच होते. बरणी पाच मिनिटे स्थिर ठेवली तर वर पातळ पिवळे पेट्रोल आणि खाली धुरकट थर, त्यात बारीक गाळ. त्या माणसाने बरणी उचलून उजेडात धरली आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्याच बोटीतून त्याने आदल्या वर्षी म्हाताऱ्या माणसांना काढले होते.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी साध्या गोष्टी पाहून घ्याव्यात, कारण निम्मी इंजिने तिथेच सुरू होतात. टाकीच्या झाकणावर हवेसाठी एक स्क्रू असतो; तो बंद राहिला तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येणे थांबते. नळीच्या मधला रबरी फुगा दाबून घट्ट झाला पाहिजे आणि त्यावरचा बाण इंजिनाकडे असला पाहिजे. सुरक्षा दोरीची क्लिप जागेवर आहे का, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, पेट्रोल किती जुने आहे, प्लग ओला आहे की कोरडा, हे पाहावे. फुगा दाबत राहिले तरच इंजिन चालते आणि सोडले की बंद पडते, तर दोष बहुधा इंधन पंपाच्या पडद्याचा किंवा हवा शिरणाऱ्या नळीचा असतो. पण चोक ओढल्यावर चालते आणि चोक सोडताच मरते, तर मंद गतीचे जेट म्हणजे पायलट जेट चोंदले समजा. मंद चालते आणि जोर दिला की दम तोडते, तर फिल्टर किंवा मेन जेट. कार्बोरेटरमधून पेट्रोल टपकते, तर फ्लोटची सुई अडकली आहे किंवा झिजली आहे.

काम उघड्यावर करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरच्या चुलीपर्यंत पोचते. अंगणात काम करताना स्वयंपाकघराचे दार उघडे असेल तर हे लक्षात ठेवले पाहिजे. बिडी-सिगारेट तर नकोच. आणि घरातल्या आया-बहिणींसाठी एक गोष्ट मी फार कळकळीने सांगतो. काढलेले पेट्रोल थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू देऊ नका. लहान मूल सरबत समजून तोंडाला लावते. तसे झालेच तर उलटी करवू नये, पेट्रोल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. तसेच लगेच दवाखान्यात न्यावे. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तीही याच कारणाने सोडून द्यावी.

प्लगची टोपी काढावी, नळी सुटी करावी. मग मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढावेत. कोणती दांडी कुठल्या भोकात होती हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही, आणि उस्तादालाही आठवत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. छोट्या इंजिनांचा कार्बोरेटर बहुधा दोन नटांवर बसलेला असतो. चोकची आणि एक्सलेटरची दांडी सोडवली की तो हातात येतो. खाली पांढरे फडके अंथरा, म्हणजे पडलेली सुई दिसते. वाटीचे स्क्रू तारेच्या ब्रशने आधी स्वच्छ करून मगच फिरवावेत, नाहीतर मऊ धातूतला खाचा घासला जातो आणि पुढचा अर्धा दिवस तो स्क्रू काढण्यात जातो.

बाजूला असणारा हवेचा छोटा स्क्रू काढण्यापूर्वी त्याला हलकेच आत फिरवून किती फेरे बसतात ते मोजा आणि कागदावर लिहा. दीड असेल, पावणेदोन असेल, प्रत्येक इंजिनचे वेगळे. आत टेकल्यावर जोर देऊ नये, टोक चिरडते. नंतर जेट. ते पितळेचे असतात. पितळेच्या भांड्यांसाठी ज्या भंडाऱ्याचे नाव घेतले जाते तिथल्या माणसाला पितळ किती मऊ असते हे शिकवावे लागत नाही. म्हणून जेटच्या छिद्रात तार किंवा सुई घालू नये. छिद्र केसभर मोठे झाले तरी पेट्रोल जास्त जाते, प्लग काळा पडतो, धूर येतो, आणि मग ते जेट बदलण्यावाचून इलाज उरत नाही. कार्बोरेटर क्लीनर मारून पंधरा मिनिटे ठेवावे, मग कॉम्प्रेसरची हवा द्यावी. तरीही चोंदलेले राहिले तर मच्छीमारांच्या घरात हमखास सापडणारी वस्तू कामाला येते, जाळ्याचा बारीक नायलॉनचा धागा. तो पितळेपेक्षा मऊ असल्याने छिद्राला ओरखडा पडत नाही. शेवटी जेट सूर्याकडे धरून पाहा. पलीकडे गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. अंडाकृती किंवा धूसर दिसला तर काम बाकी आहे.

नुसते जेट साफ करून मुले कार्बोरेटर परत बसवतात, हे मला आवडत नाही. कार्बोरेटरच्या अंगातच बारीक वाटा कोरलेल्या असतात, त्या दिसत नाहीत. एका छिद्रातून क्लीनर मारले की ते दुसरीकडून नेमके कुठून बाहेर येते हे पाहावे. जिथून यायला हवे तिथून आले नाही तर वाट बंद आहे. डोळ्यांवर चष्मा मात्र हवा, कारण ते बऱ्याचदा सरळ तोंडावर येते. क्लीनरमध्ये रबरी रिंगा, पॅकिंग, प्लॅस्टिकचा फ्लोट भिजवू नये. रबर फुगते आणि परत बसत नाही.

फ्लोट कानाजवळ धरून हलवा. आत पेट्रोल शिरले असेल तर खुळखुळ ऐकू येते, तो बदलावा. सुईच्या टोकावर नखाने चाचपून पाहा. सभोवती खाच पडली असेल तर ती सुई घट्ट बंद होणार नाही. कार्बोरेटर उलटा धरला की फ्लोट वाटीच्या कडेशी किती उंचीवर थांबतो, ते माप कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुस्तिका हरवली असेल तर ती मिळवा. अंदाजाने पत्र्याची जीभ वाकवणारे मिस्त्री आहेत, पण मी त्यांच्याकडे बोट दुरुस्तीला देणार नाही. पॅकिंग दरवेळी नवे टाकावे. जुने पॅकिंग वाचवून जो पैसा वाचतो तो बोटीच्या एका फेरीच्या पेट्रोलाइतकाही नसतो.

परत बसवल्यावर इंजिन कोरडे सुरू करू नये. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या आत रबरी पात्यांचा पंप असतो. पाणी नसेल तर तो काही क्षणांत जळतो. प्लॅस्टिकचा मोठा ड्रम पाण्याने भरून इंजिन त्यात उतरवा, पाणी शोषणारी जाळी पूर्ण बुडाली पाहिजे. पंखा काढून ठेवलेला बरा, मुले जवळ येतात. सुरू झाल्यावर मागच्या छिद्रातून पाण्याची धार पडते का, ते आधी पाहा. धार नसेल तर कार्बोरेटर कितीही चांगला असला तरी लगेच बंद करा. इंजिन पाच-सात मिनिटे तापू द्या आणि मगच मंद गतीचा स्क्रू नीट करा. थंड इंजिनावर केलेली सेटिंग नदीत टिकत नाही. टू-स्ट्रोक असेल तर ऑईलचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणे. अनेक इंजिनांना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर लागते, काहींना जास्त. मोटारसायकलचे टू-टी ऑईल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेले असते. बोटीसाठी डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू ३’ लिहिलेले ऑईल घ्यावे. भंडाऱ्यात मिळाले नाही तर नागपूरहून मागवावे लागते, पण घ्यावे तेच.

हे सगळे झाले दुरुस्तीचे. माझ्या मते खरी सर्व्हिसिंग काम संपते त्या दिवशी होते. बोट काठावर आली, आता महिनाभर लागणार नाही असे दिसले, की पाण्यातच टाकीची नळी काढून इंजिन मंद चालू ठेवावे. वाटीतले पेट्रोल संपले की ते आपोआप थांबते. मग वाटीचा खालचा स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढावेत, कारण इंजिन थांबले तरी तळाशी थोडे राहतेच आणि चिकटा धरायला तेवढे पुरते. टाकीतले जुने पेट्रोल गाडीत वापरून टाकावे. ऑईल मिसळलेले असेल तर फोर-स्ट्रोक गाडीत घालू नये. प्लग काढून आत थोडे ऑईल टाकून दोरी दोन वेळा ओढावी. इंजिन उभे ठेवावे, आडवे नाही. एवढ्याला वीस मिनिटे लागतात. पुरानंतर माणूस थकलेला असतो, घरात चिखल भरलेला असतो, हे मला मान्य आहे. तरीही त्या वीस मिनिटांसाठी घरातल्या एखाद्या पोऱ्याला तयार केले पाहिजे.

पोऱ्याचा विषय निघाला म्हणून. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता इंधन इंजेक्शनने जाते, संगणक हिशेब ठेवतो. प्रदूषणाच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. पण आपल्या समाजातली किती मुले गॅरेजात शागिर्द म्हणून वाढतात हे वाचकांना ठाऊक आहे, आणि त्या मुलांच्या हातून ही विद्या निसटते आहे. मागच्या वर्षी एका हुशार पोराने बोटीचे इंजिन पाहून मला विचारले, “उस्ताद, याला स्कॅनर कुठे लावायचा?” आम्ही हसलो, पण प्रश्न त्याच्या बाजूने बरोबर होता. त्याने कार्बोरेटर उघडलेलाच नव्हता. नदीवरची छोटी इंजिने मात्र अजून बहुतांशी कार्बोरेटरवरच चालतात आणि पुढची बरीच वर्षे चालतील. म्हणजे रस्त्यावर कारागीर कमी होत असताना पाण्यावर काम वाढते आहे. ज्या पालकांनी मुलाला गॅरेजात घातले आहे त्यांनी उस्तादाला एवढे सांगावे की जुना कार्बोरेटर मुलाच्या हाती द्या, दहा वेळा उघडू द्या, दहा वेळा बसवू द्या. भंगारात तो कवडीमोलाने मिळतो. मुलगा आयटीआयला असेल तर मोटार मेकॅनिकच्या निदेशकांना विचारून जुने आउटबोर्ड पाहायला मिळते का, याची चौकशी करावी.

माझ्याकडचा तो पोरगा आता मे महिन्याच्या शेवटच्या जुम्यानंतर माझ्याबरोबर येतो. असरपर्यंत दोन इंजिने होतात. काम झाले की इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो पांढरी पट्टी चिकटवतो आणि तिच्यावर तारीख, हवेच्या स्क्रूचे फेरे आणि पेट्रोल कधी भरले ते लिहितो. बोटीत ठेवायला एक डबा देतो. त्यात नवा प्लग, प्लगचा पान्हा, दोरीचा एक जास्तीचा तुकडा, वाटीचे एक पॅकिंग आणि नायलॉनचा धागा असतो. आणि बोट घेऊन जाणाऱ्याला निघता निघता विचारतो, “काका, वल्ही घेतली का?”